भिंती नसलेली पेटी



आमचे सर नवा विषय काढायचे तो फळ्यावर एक छोटा हिशेब मांडून. आज तीच रीत मी उचलतो.

एक हजार अणूंचा घन रचा. लांबीला दहा, रुंदीला दहा, उंचीला दहा. यातले पृष्ठभागावर किती? आतला घन आठ-आठ-आठचा, म्हणजे ५१२ अणूंचा. उरले ४८८. जवळजवळ निम्मे अणू उघड्यावर. आता १८ मिलिलिटर पाणी घ्या. त्यातल्या रेणूंची संख्या म्हणजे ६ आणि त्यापुढे २३ शून्यं. त्यांचाही असाच घन रचला, तर पृष्ठभागावर सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक रेणू येईल. म्हणून पेल्यातल्या पाण्याचे गुणधर्म मोजताना पृष्ठभागाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. हजार रेणूंच्या बाबतीत ते चालत नाही.

संगणकावर द्रव घडवू पाहणाऱ्या पहिल्या पिढीला ही अडचण सुरुवातीलाच आडवी आली. त्यांच्या यंत्रांत कण मावत ते शे-दोनशे. एवढासा पुंजका मोकळा सोडला तर त्याला द्रव म्हणायचं कशाला? तो नुसता पृष्ठभागच. १९५३ साली लॉस अ‍ॅलॅमॉसच्या मॅनिअ‍ॅक संगणकावर मेट्रोपोलिस, रोझेनब्लुथ दांपत्य आणि टेलर दांपत्य यांनी २२४ चकत्यांचं सपाट विश्व उभं केलं. (प्रोग्राम लिहिला होता एरियाना रोझेनब्लुथ यांनी. पद्धतीला नाव मात्र मेट्रोपोलिस यांचं चिकटलं, कारण लेखकांच्या यादीत ते पहिले होते.) त्यांनी कड ठेवलीच नाही. उजवीकडून बाहेर पडलेली चकती डावीकडून आत येते, वरून गेलेली खालून येते. ठशानं छापलेल्या कापडावर एकच नक्षी चहूबाजूंना बिनसांध्याची पुढे जात राहते आणि ठसा कुठे संपला ते दिसत नाही, तशी ही रचना. तिला आवर्ती सीमा-अट म्हणतात. कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. स्फटिकांच्या कंपनांसाठी बॉर्न आणि फॉन कार्मान यांनी ती १९१२ मध्येच वापरली होती.

अकरा वर्षांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉन वायूचे ८६४ अणू घेतले आणि त्यांची हालचाल न्यूटनच्या नियमानं पावलापावलानं सोडवली. प्रयोगशाळेचं नाव आणि वायूचं नाव आपल्या कानाला सारखंच लागतं, हा निव्वळ योगायोग. पेटीची बाजू साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास होती आणि तापमान ९४.४ केल्व्हिन. खऱ्या बळांनी बांधलेल्या द्रवाचं हे पहिलं रेणवीय गतिकी सिम्युलेशन. रहमान हैदराबादचे, १९२७ चा जन्म. काही काळ ते उस्मानिया विद्यापीठात शिकवत. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे विद्यापीठ परकं नाही. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, स्वतंत्र विद्यापीठ येईपर्यंत तिथली मुलं पदवीसाठी उस्मानियाकडेच बघत. आजही संगणकीय भौतिकीतला एक मानाचा पुरस्कार रहमान यांच्या नावानं दिला जातो.

ते ८६४ अणू अनंत द्रवाचा तुकडा असल्यासारखे वागले, कारण त्यांना पृष्ठभाग नव्हता. आवर्ती पेटीची ही युक्ती जन्मली ती पृष्ठभाग घालवण्यासाठी, हे आपण लक्षात ठेवू. कारण पुढच्या पिढ्यांनी तीच पेटी घेतली आणि तिच्यात नेमका पृष्ठभागच शिकायला सुरुवात केली. पाणी आणि हवा, पाणी आणि तेल, पाणी आणि बॅटरीचा इलेक्ट्रोड, पाणी आणि पेशीचं पटल, पाणी आणि प्रथिनाची बाह्य बाजू. रसायनशास्त्रातलं बरंचसं नाट्य अशा आंतरपृष्ठांवर घडतं, तेव्हा तिकडे वळणं स्वाभाविकच होतं. पण पृष्ठभाग नको म्हणून बनवलेल्या साधनानं पृष्ठभाग मोजायचा, यात एक अंगभूत भांडण आहे. आजचं व्याख्यान त्या भांडणाबद्दल आहे.

नेहमीची मांडणी अशी. उंच पेटी घ्यायची, मधोमध द्रवाचा थर ठेवायचा, वर आणि खाली निर्वात जागा सोडायची. थराला दोन पृष्ठभाग मिळतात. पेटी मात्र तिन्ही दिशांनी आवर्ती असते. त्यामुळे आपण एक थर ठेवला असं आपल्याला वाटतं आणि संगणक अनंत थर एकावर एक रचून बसलेला असतो. दोन शेजारी थरांमध्ये निर्वाताची फट असते. फट रुंद असली की थर एकमेकांना ओळखणार नाहीत, असं मन सांगतं. आर्गॉनच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. पाण्याच्या बाबतीत नाही, कारण पाण्याचा रेणू विद्युत द्विध्रुव आहे आणि विद्युत बळं लवकर विरत नाहीत.

इथं १९२१ सालात जावं लागतं. पाउल पेटर एवाल्ड हे जर्मन स्फटिकशास्त्रज्ञ. मिठासारख्या स्फटिकात एका आयनावर बाकीच्या अनंत आयनांचा एकूण किती परिणाम होतो, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. सरळ बेरीज करायला गेलं तर ती स्थिरावत नाही. एवाल्ड यांनी बेरजेचे दोन भाग केले. जवळचा भाग सरळ अंतरं मोजून काढायचा आणि लांबचा भाग लहरींच्या भाषेत नेऊन. दोन्ही भाग झपाट्यानं आटोपतात. १९९३ मध्ये डार्डेन, यॉर्क आणि पेडरसेन यांनी याच कल्पनेला जाळीवरच्या जलद फूरिए गणिताची जोड दिली आणि आज लाखो अणूंच्या सिम्युलेशनमध्ये तीच चालते.

पण या बेरजेला एक विचित्र खोड आहे. द्विध्रुवांमधला परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो आणि त्या अंतरावरचे शेजारी अंतराच्या वर्गानं वाढतात. दोहोंचा गुणाकार धड शून्याकडे पळत नाही आणि धड थांबतही नाही. अशा बेरजेचं उत्तर आपण ती कोणत्या क्रमानं केली यावर अवलंबून राहतं. गोल आकारात वाढवत नेली तर एक उत्तर, चपट्या आकारात वाढवत नेली तर दुसरं. शिवाय या अनंत पसाऱ्याच्याही बाहेर काय आहे, हे गृहीत धरावं लागतं. १९८० मध्ये डी ल्यू, पेरम आणि स्मिथ यांनी हे गणित नीट मांडून दाखवलं. एवाल्ड यांच्या सूत्राचं नेहमीचं रूप असं मानून चालतं की अनंताच्या पलीकडे सगळीकडे उत्तम वाहक धातू गुंडाळला आहे. या गृहीतकाला टिनफॉइल सीमा म्हणतात. आपल्या पेटीतल्या पाण्याला अनंतावरच्या कथिलाच्या पत्र्याचं काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. पण देणंघेणं आहे.

समजा, थराच्या एका बाजूला धातूचा पृष्ठभाग आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा आहे. दोन्ही पृष्ठभाग वेगळे, म्हणून पाण्याचे रेणू दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं कलतात आणि थराला एकूण एक द्विध्रुव मिळतो. थराच्या तळापासून माथ्यापर्यंत विद्युत विभवात फरक पडतो. तो अर्धा व्होल्ट धरू. खऱ्या जगात हा फरक निर्वाताच्या बाजूनं तसाच राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. आवर्ती पेटीत मात्र पेटीचा माथा म्हणजेच पुढच्या पेटीचा तळ. दोन्हीकडचं विभव सारखंच असलं पाहिजे, कारण ती एकच जागा आहे. मग तो अर्धा व्होल्ट जाईल कुठे? संगणक संपूर्ण पेटीभर एक खोटं विद्युत क्षेत्र पसरवतो आणि हिशेब जुळवतो. पेटीची उंची दहा नॅनोमीटर असेल तर हे क्षेत्र मीटरला पाच कोटी व्होल्ट भरतं. कोरड्या हवेत ठिणगी उडायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे आपण न मागता, न कळता, ठिणगीच्या सोळापट क्षेत्रात पाणी ठेवलं आणि मग लेखात लिहिलं की पृष्ठभागाजवळ पाण्याची दिशा अमुक अमुक असते.

फट वाढवली की हे क्षेत्र कमी होतं, पण उंचीच्या साध्या व्यस्त प्रमाणात. उंची दुप्पट, तर चूक निम्मी. निर्वातात अणू नसले तरी लहरींच्या भाषेतलं गणित मात्र वाढतं, त्यामुळे हा मार्ग महाग पडतो. १९९९ मध्ये येह आणि बर्कोविट्झ यांनी दुसरा मार्ग सुचवला. थराच्या एकूण द्विध्रुवाचा उंचीकडचा घटक घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला दोन पायनं गुणा, पेटीच्या घनफळानं भागा आणि ही ऊर्जा एवाल्डच्या उत्तरात मिळवा. बस, एवढंच. प्रोग्रामात ही एका ओळीची भर. अनंतावरचा पत्रा निघून जातो आणि थर जवळपास एकटा उभा राहतो. त्यानंतर बरीच माफक फट पुरते. थराच्या तिप्पट उंचीची पेटी असा एक ढोबळ नियम रूढ आहे. पुंज-रसायनवाल्यांनी याच आजारावर आपल्या गणितात स्वतंत्रपणे असाच उतारा शोधला होता. नॉइगेबाउअर आणि शेफलर यांचं ते काम १९९२ चं. दोन समाज शेजारीशेजारी राहत होते आणि एकमेकांच्या घरातलं औषध त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या क्षेत्रात हे फार घडतं.

द्विध्रुवाचा प्रश्न सुटला तरी निव्वळ प्रभाराचा उरतो. पेटीत एकूण एखादा धन प्रभार शिल्लक राहिला, तर अनंत पेट्यांची ऊर्जा अनंत होईल. एवाल्डचं गणित गुपचूप एक उपाय करतं. उलट चिन्हाचा प्रभार सगळ्या पेटीत एकसारखा लेपून टाकतं. नुसत्या पाण्यात हे खपून जातं. पण अर्ध्या पेटीत पाणी आणि अर्ध्या पेटीत लिपिडांचं पटल किंवा निर्वात असेल तर तो लेप तिथेही बसतो. पाणी विद्युत क्षेत्र बरंचसं मोडून काढतं. पटलाच्या तेलकट गाभ्याला ते जमत नाही. परिणामी आयनांना, जिथे त्यांनी कधी जाऊ नये तिथे, म्हणजे त्या तेलकट भागात, ओढ लागते. हब, डी ग्रूट, ग्रूबमुलर आणि ग्रूनहॉफ यांनी २०१४ मध्ये ही चूक आकड्यांत मांडली. पेटीत दोन-चार आयन टाकून प्रभार शून्य करणं हा उपाय साधा आहे. तरीही तो न करता केलेलं काम अधूनमधून माझ्यापुढे परीक्षणाला येतं, म्हणून इतकं सांगितलं.

आता वेगळ्या कडेकडे वळू. पेटीची कड आपल्याला निदान ठाऊक असते. पण सिम्युलेशनमध्ये प्रत्येक अणू आपल्याभोवती स्वतःची एक गोल भिंत घेऊन फिरतो. ठराविक अंतरापलीकडच्या शेजाऱ्याचं बळ शून्य मानायचं, या अंतराला कट-ऑफ म्हणतात. वेळ वाचवण्यासाठी हे लागतंच. नुसत्या द्रवात लांबच्या शेजाऱ्यांची घनता सगळीकडे सारखी असते, म्हणून तोडलेल्या शेपटीची सरासरी भरपाई एका सूत्रानं करता येते. आंतरपृष्ठावर वर पोकळी आणि खाली दाटी, त्यामुळे सरासरी कशाची काढणार?

आर्गॉनचंच उदाहरण घेऊ. त्याच्या अणूंमधलं बळ नेहमी लेनार्ड-जोन्स या प्रतिमानानं मांडतात. ते बळ पूर्ण ठेवलं तर या प्रतिमानाचं क्रांतिक तापमान, त्याच्या स्वतःच्या एककात, १.३१ च्या आसपास येतं. कणाच्या व्यासाच्या अडीचपट अंतरावर तेच बळ तोडलं आणि टोक शून्यावर सरकवून बसवलं, तर ते १.०८ ते १.०९ वर उतरतं. आर्गॉनसाठी एक एकक १२० केल्व्हिनचं धरा. पूर्ण बळाला १५७ केल्व्हिन, तोडलेल्या बळाला १३०. मोजलेलं खरं तापमान १५०.७ आहे. म्हणजे १४० केल्व्हिनला खऱ्या आर्गॉनला द्रव आणि वाफ यांच्यामध्ये पृष्ठभाग असतो, पूर्ण बळाच्या प्रतिमानालाही असतो. तोडलेल्या प्रतिमानात पृष्ठभागच नसतो, कारण द्रव आणि वाफ हा भेदच उरलेला नसतो. ज्या वस्तूचा अभ्यास करायचा तीच कट-ऑफनं नाहीशी केली! कमी तापमानाला पृष्ठभाग टिकतो, पण पृष्ठताण बराच कमी भरतो. यावर आता एवाल्डचीच युक्ती या आकर्षणबळालाही लावली जाते. इन्ट वेल्ड, इस्माइल आणि ग्रेस्ट यांनी २००७ मध्ये ती आंतरपृष्ठांसाठी चालवून दाखवली.

कट-ऑफ वाढवला की चूक कमी होईल, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. तिला २००५ मध्ये योनेतानी यांनी छेद दिला. त्यांनी नुसतं पाणी घेतलं. आंतरपृष्ठ नाही, काही नाही. विद्युत बळाचा कट-ऑफ मोठा, १८ अँगस्ट्रॉम ठेवला. पाण्यात थर पडले. एका थरात रेणू एका दिशेला कललेले, पुढच्यात उलट. लहान कट-ऑफला हे दिसत नव्हतं. पुढच्या वर्षी व्हान डेर स्पूल आणि व्हान मारेन यांनी याचं कारण तपासलं: दोष तोडलेल्या विद्युत बळाचा होता, बळ पूर्ण धरलं की थर गायब. एकजिनसी पाण्यात कुणी न ठेवलेली आंतरपृष्ठं उगवली होती, आणि तीही अधिक काळजी घेतल्याचं बक्षीस म्हणून.

सगळ्यांत बोलकी गोष्ट मात्र कार्बनच्या नळीची. २००७ मध्ये चीनमधल्या एका गटानं नेचर नॅनोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात एक रेणवीय पंप सुचवला. कार्बनची एक नॅनोनळी, तिच्यातून एकामागे एक जाणारे पाण्याचे रेणू, आणि नळीच्या बाहेर विषम अंतरांवर रोवलेले तीन स्थिर प्रभार. कल्पना पेशीतल्या पाणी वाहणाऱ्या प्रथिनावरून घेतलेली. सिम्युलेशनमध्ये पाणी एका दिशेनं सतत वाहू लागलं. दाबातला फरक नाही, बाहेरून ऊर्जा नाही. आता इथं थांबून विचारायला हवं होतं की रोवून ठेवलेले प्रभार काम कसं करतील? फेरी पूर्ण करून रेणू मूळ जागी आला की स्थिर क्षेत्रानं केलेलं एकूण काम शून्यच भरतं. वाहणाऱ्या पाण्याला घर्षण आहे, म्हणजे कुठून तरी ऊर्जा आत येत होती. आणि पेटी आवर्ती असल्यानं वरून गेलेलं पाणी खालून परत येत होतं. टाकी भरण्याचा किंवा रिकामी होण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हे वाहणं कधी उघडं पडलं नाही.

२०१० मध्ये त्याच नियतकालिकात वोंग-एक्कबुट, मिएटिनेन, डियास आणि कार्टुनेन यांनी उत्तर दिलं आणि त्याचं शीर्षकच निकाल सांगणारं होतं: स्थिर प्रभार नळीतून पाण्याचा अखंड प्रवाह चालवू शकत नाहीत. दोष प्रोग्राम चालवण्याच्या सवयींत सापडला. अणूंचे गट बांधून गटागटाला कट-ऑफ लावणं, शेजाऱ्यांची यादी पुरेशा वेळा ताजी न करणं, तापमान स्थिर ठेवणारी यंत्रणा ऊर्जेतली गळती झाकून टाकणं. यांतली प्रत्येक सवय एकेकटी किरकोळ. पण तोडलेल्या बळामुळे प्रत्येक पावलाला थोडीशी ऊर्जा आत शिरत राहिली आणि नळीच्या विषम रचनेनं तिला एक दिशा दिली. मला हा सगळा प्रसंग आपल्या विषयाच्या अब्रूला शोभणारा वाटतो, कारण चूक त्याच व्यासपीठावर आणि तीन वर्षांत निस्तरली गेली. उष्मागतिकीचा दुसरा नियम मात्र तीन वर्षं थांबायला तयार नसतो. पहिल्या परीक्षकानंच तो विचारायला हवा होता.

हे सगळं ऐकून श्रोत्यांतला एखादा म्हणेल, आजच्या यंत्रांवर सरळ मोठी पेटी घ्यावी आणि मोकळं व्हावं. पुण्यात १९९१ साली परम ८००० महासंगणक उभा राहिला तेव्हा जे स्वप्नात नव्हतं ते आज विद्यार्थ्याच्या टेबलाखाली गुरगुरतं, हे खरं. पण ‘मोठी पेटी’ हा उपाय नेमका केव्हा लागू पडतो, याचं उत्तर चूक कोणत्या नियमानं उतरते त्यावर आहे. तो नियम माहीत असेल तर लहान पेटीही कामाची असते. माहीत नसेल तर मोठी पेटी केवळ वीजबिल वाढवते.

पाण्यातल्या रेणूचं विसरण घ्या. रेणू हलतो तेव्हा आपल्याबरोबर आजूबाजूचं पाणी थोडं ओढतो. आवर्ती पेटीत त्याच्या सगळ्या प्रतिमाही त्याच क्षणी त्याच दिशेनं हलतात आणि त्यांनी ओढलेलं पाणी एकमेकांच्या वाटेत येतं. म्हणून विसरण कमी भरतं. ड्युनवेग आणि क्रेमर यांनी १९९३ मध्ये, आणि येह व हुमर यांनी २००४ मध्ये याचं सूत्र दिलं: उणीव पेटीच्या बाजूच्या व्यस्त प्रमाणात असते आणि तिचा गुणक फक्त तापमान, द्रवाचा चिकटपणा आणि २.८३७ ही भूमितीनं ठरवलेली संख्या यांवर अवलंबून असतो. अडीच नॅनोमीटर बाजूच्या पेटीत पाण्याचे पाचशेवर रेणू मावतात. तिथं ही उणीव साधारण १२ टक्के येते. सूत्र घाला, दुरुस्ती करा, संपलं. मोठ्या पेटीची गरजच नाही.

पेशीपटलात हीच गोष्ट उलटी होते. व्होगेले आणि हुमर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पटल रुंद करत गेलं आणि पेटीची उंची तशीच ठेवली, तर लिपिडाचं विसरण कुठल्याही आकड्यावर स्थिरावत नाही. लघुगणकाच्या गतीनं वाढतच जातं. इथं रुंदी वाढवणाऱ्यानं खरं उत्तर जवळ आणलं नाही, चपटी पेटी बनवून ते लांब ढकललं. पटलाची पेटी मोठी करायची ती रुंदी आणि उंची मिळून.

आणि हिमोग्लोबिनचा वाद. २०१८ मध्ये मार्टिन कारप्लस आणि मार्कुस मॉयव्ली यांच्या गटानं लिहिलं की प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनची रचना ७५, ९० आणि १२० अँगस्ट्रॉमच्या पेट्यांत टिकत नाही, १५० च्या पेटीत टिकते. कारण म्हणून प्रथिनाच्या पृष्ठभागाभोवतालच्या पाण्याच्या वागणुकीकडे बोट दाखवलं. कारप्लस नोबेलविजेते, या विषयाच्या जनकांपैकी एक. सगळ्यांनी आपापल्या पेट्यांकडे संशयानं पाहिलं. मग ग्योटिंगेनच्या गापसिस आणि डी ग्रूट यांनी तीच सिम्युलेशनं अनेक वेळा, वेगवेगळ्या सुरुवातींनी चालवली. पेटीचा आकार आणि टिकण्याचा काळ यांत त्यांना संबंध दिसला नाही. एकेका पेटीत एकेकदाच धाव घेतली होती, आणि एका धावेत काय घडेल हा बराचसा नशिबाचा भाग. मूळ लेखकांनी प्रतिवाद केला, पण माझं मत गापसिस-डी ग्रूट यांच्या बाजूनं आहे. सीमेचा दोष जिथे आहे तिथे न दिसणं ही एक चूक. जिथे नाही तिथे तो दिसणं ही दुसरी. दुसरीवर आपल्याकडे कमी बोललं जातं.

एवढा वेळ पेटीला दूषणं दिली. आता तिच्या बाजूनं थोडं.

पेटीत वाफ आहे आणि तिच्यात द्रवाचा थेंब वाढतो आहे. सुरुवातीला तो गोल. घन पेटीच्या घनफळाच्या साडेपंधरा टक्क्यांच्या पुढे तो गेला की त्याला गोल राहणं परवडत नाही. पेटीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पसरलेला दंडगोल झालं तर पृष्ठभाग कमी लागतो, कारण दंडगोलाला टोकं नसतात. एक टोक प्रतिमेच्या दुसऱ्या टोकाला जुळतं. ३१.८ टक्क्यांच्या पुढे दंडगोलही सपाट थर होतो. दोन्ही आकडे शाळेतल्या भूमितीनं काढता येतात: पहिला म्हणजे चार पाय भागिले ८१, दुसरा म्हणजे एक भागिले पाय. (वाफेचा दाब वगैरे धरला तर प्रत्यक्षात ते थोडे सरकतात.) साबणासारख्या रेणूंचं सिम्युलेशन करून विद्यार्थी मोठ्या आनंदानं दांड्याच्या आकाराचा मिसेल दाखवतात, तेव्हा मी आधी विचारतो की दांड्याची दोन्ही टोकं कुठे आहेत. ती पेटीच्या कडेत गेली असतील तर तो दांडा रसायनाचा नाही. आणि हेही मान्य करू की ज्या सपाट थरावर आपण पृष्ठताण मोजतो तोही याच भूमितीची देणगी आहे. काही हजार रेणूंचा सपाट थर मोकळ्या निर्वातात कुणी ठेवून पाहावा. तो गोळा होईल.

कुर्ट बाइंडर यांनी हा दोष टाकून न देता वापरायला घेतला. १९८२ मध्ये त्यांनी दाखवलं की पेटीत दोन अवस्था एकत्र असण्याची शक्यता पेटीच्या आकारानुसार कशी घटते, एवढं मोजलं तरी पृष्ठताण मिळतो. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल, दंडगोल, थर या बदलांमधून वाकलेल्या थेंबाचा पृष्ठताण सपाटपेक्षा किती वेगळा, हेही काढलं. पृष्ठभागाच्या जाडीचंही तसंच. द्रवाचा पृष्ठभाग उष्णतेनं थरथरतो आणि पेटीच्या रुंदीपेक्षा लांब लहर पेटीत मावत नाही. म्हणून जाडीचा वर्ग रुंदीच्या लघुगणकाबरोबर वाढतो. बफ, लव्हेट आणि स्टिलिंजर यांच्या १९६५ च्या सिद्धान्तातून हे निघतं. निसर्गात या लहरींना गुरुत्वाकर्षण आवर घालतं, पाण्याच्या बाबतीत सुमारे २.७ मिलिमीटरवर. पेटीची रुंदी न सांगता दिलेल्या जाडीच्या आकड्याला त्यामुळे काही अर्थ नसतो. पण चार वेगवेगळ्या रुंदीच्या पेट्या घेतल्या आणि जाडीचा वर्ग आलेखावर मांडला, तर त्या रेषेचा चढ सरळ पृष्ठताण सांगतो. हा आलेख मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून काढून घेतो.

शेवटी आजच्या तरुणांच्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. गेली काही वर्षं बळं काढण्यासाठी यंत्रशिक्षणानं घडवलेली न्यूरल जाळी वापरली जातात. बेलर आणि पारिनेलो यांनी २००७ मध्ये तो मार्ग घालून दिला. असं जाळं अणूभोवतीचे बहुधा सहा-सात अँगस्ट्रॉमपर्यंतचे शेजारी पाहतं आणि पलीकडचं पाहत नाही. म्हणजे पुन्हा तीच गोल भिंत, फक्त आता ती शिकलेल्या आकड्यांच्या पोटात आहे आणि कुठल्याही ओळीत लिहिलेली दिसत नाही. नुसत्या द्रवात ही जाळी अप्रतिम चालतात. २०२१ मध्ये निबलेट, गालिब आणि लिमर यांनी पाणी आणि वाफेच्या आंतरपृष्ठावर नेऊन ती तपासली, तेव्हा लांब पल्ल्याच्या बळांवाचून ती तिथं कमी पडतात असं दिसलं. त्याच वर्षी को, फिंक्लर, गोएडेकर आणि बेलर यांनी जाळ्याला प्रभार वाटून द्यायला आणि त्यांचं दूरचं बळ वेगळं मोजायला शिकवलं. आवर्ती पेटीत ते दूरचं बळ मोजायला त्यांनी घेतली एवाल्ड यांची बेरीज, तिला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. तेव्हा ज्यांना हे जाळं इलेक्ट्रोडवरच्या पाण्याला लावायचं आहे, त्यांनी थराचा द्विध्रुव आधी मोजावा, प्रोग्रामात येह-बर्कोविट्झ दुरुस्तीची ती ओळ आहे की नाही ते पाहावं, आणि दोन वेगळ्या उंचींच्या पेट्यांत उत्तर किती हलतं ते लेखात छापावं.